भिंतीवरचे पांघरूण

गेल्या वैशाखात इंग्लंडात चिरंजिवांकडे काही दिवस राहण्याचा योग आला. त्यांचे बिऱ्हाड ब्रायटन येथे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला जुन्या घरांची आवड, आज लुइस पाहून येऊ." जुन्या घरांचे नाव निघताच माझ्या मनात जे शल्य होते ते पुन्हा सलले. ते काय, हे आधी सांगितल्यावाचून पुढील हकीकत वाचकांस समजावयाची नाही.

पुण्यास सदाशिव पेठेत आमच्या आजोबांनी बांधलेला वाडा होता. दोन हात जाडीच्या त्या भिंती चार पिढ्यांच्या भाराने आणि शंभर पावसाळ्यांच्या ओलीने अखेर फुगल्या, आणि जागेवर पाच मजली इमारत उभी करण्याचे ठरले. ही सारी उस्तवार पुतण्याने एकट्याने केली. त्याने वाड्याच्या विटा विकू दिल्या नाहीत. यंत्राच्या करवतीने प्रत्येक विटेच्या दोन्ही तोंडांचे बोटभर जाडीचे काप काढविले, मधला गाभा टाकून दिला, आणि ते काप नव्या इमारतीच्या रस्त्याकडील भिंतीवर चिकटविले. "काका, वाडा गेला तरी त्याचे तोंड राहील," असे त्याने मोठ्या उमेदीने कळविले. मला मात्र ते सोंग वाटले. आत काँक्रीट आणि वर पूर्वजांच्या विटांचा मुखवटा! 'अशी बतावणी आपल्या घराण्यास शोभत नाही,' असे मी उलट टपाली लिहिले, आणि गुडघेदुखीची सबब सांगून वास्तुशांतीस गेलो नाही. तेव्हापासून उभयतांत पत्रव्यवहार नव्हता.

असो. लुइस हे गाव ब्रायटनहून आगगाडीने पाव तासाच्या वाटेवर, खडूच्या डोंगरांच्या कुशीत, ऊज नदीच्या काठी वसलेले आहे. वर नॉर्मन काळातील किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी चढ-उताराचा मुख्य रस्ता. दुतर्फा तांबूस विटांची नीटस घरे पाहून मी म्हटले, "याला म्हणावे बांधकाम! येथे सोंगढोंग नाही." सूनबाई नुसत्या हसल्या आणि मला एका घराच्या कोपऱ्याशी घेऊन गेल्या.

खऱ्या विटांच्या भिंतीचा कोपरा कसा असतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एका थरात विटेची लांब बाजू दिसते, तर वरच्या थरात तिचे आखूड टोक. दोन्ही भिंती बोटांत बोटे गुंफावीत तशा गुंफलेल्या असतात. येथे तसे काही नव्हते. कोपऱ्यावर एक उभी लाकडी पट्टी ठोकली होती, आणि दोन्हीकडच्या विटा तिच्यापाशी येऊन थबकत होत्या. त्या विटा नव्हत्याच! ती कौले होती.

त्यांस तिकडे 'मॅथेमॅटिकल टाइल', म्हणजे गणिती कौल, असे म्हणतात. या कौलाचा वरचा भाग पातळ असून त्यास भोक असते, तेथून ते लाकडी पट्टीवर खिळ्याने ठोकतात. खालचा भाग जाड आणि विटेच्या तोंडाएवढा. वरच्या ओळीचे कौल खालच्या ओळीचा पातळ भाग झाकते. मग सांधे चुन्याने भरले की हुबेहूब विटांची भिंत दिसते. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी आग्नेय इंग्लंडात हा प्रघात फार होता. जुन्या घरांचे लाकडी सांगाडे न पाडता त्यांवर हे पांघरूण घालीत. या गावातील 1805 सालच्या जायरा चॅपेल नामक प्रार्थनामंदिराची दर्शनी भिंतही अशाच कौलांची आहे.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही करचुकव्यांची युक्ती असावी. 1784 साली तिकडे विटांवर कर बसला, आणि त्यापायी ही कौले निघाली, अशी लोकांत समजूतही आहे. पण घरी येऊन वाचता निराळेच निघाले. त्याच वर्षी कौलांवरही कर बसला होता! शिवाय सरे परगण्यात वेस्टकॉट येथे 1724 साल घातलेले अशा कौलांचे काम आहे, म्हणजे कराच्या साठ वर्षे आधीचे. न पाहता, न वाचता दुसऱ्यावर लबाडीचा आरोप करण्याची घाई मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली होती. पहिली कोणती, ते सांगणे नलगे.

मग या पांघरुणाचे प्रयोजन काय? ते ब्रायटनलाच, 1798 ते 1807 या काळात बांधलेल्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या रांगेपाशी मला उमगले. तेथील कौले काळी आणि चकचकीत झिलई दिलेली आहेत. समोरून खारा वारा आणि पाऊस अखंड मारा करतो. ती कौले तो अंगावर घेतात आणि आतली भिंत कोरडी राहते. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत श्येनचितीच्या वेदीचे 5 थर आणि प्रत्येक थरात 200 इष्टका सांगून, एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ नये, असा दंडक आहे. तो दंडक या कौलांसही लागू पडतो. सांधा सांध्यावर आला तर पाणी सरळ आत उतरेल. म्हणजे भार न वाहणाऱ्या या पातळ विटेसही स्वतःचा धर्म आहे. ती भिंतीचा कणा नसेल, पण कातडी आहे. आणि कातडीस कोणी सोंग म्हणत नाही.

आषाढात परत येताच थेट सदाशिव पेठ गाठली. पुतण्या दारातच उभा होता, चेहरा उतरलेला. पहिल्याच पावसात आठ-दहा काप गळून पडले होते. मी एक उचलून मागची बाजू चोळली, तो बोटांस तांबडी पूड लागली. करवतीची भुकटी धुऊन न काढताच गवंड्यांनी काप चिकटविले होते. मसाल्याने विटेस न धरता धुळीस धरले होते. "काका, तुम्ही म्हणाला होता ते खरे ठरले," तो खाली मान घालून म्हणाला.

"छे! माझे म्हणणे चुकले," मी म्हटले. "चुकले आहे ते फक्त चिकटविणे. खडू आण."

मग आम्ही दोघे हात पोचेल तेथवर बोटाच्या पेराने एकेक वीट वाजवीत गेलो. भरीव नाद आला की पुढे. पोकळ आला की मी तीवर खडूने फुली करी. चाळीस वर्षे फळ्यावर मुलांच्या चुकांवर फुल्या मारल्या, पण त्या दिवशीइतके समाधान कधी वाटले नव्हते. उंचावरच्या विटांसाठी पुढे परात बांधली, आणि फुली केलेले काप उतरवून, पाण्याने व ब्रशाने स्वच्छ घासून, वाळवून पुन्हा बसविले.

दाराच्या उजव्या हातास, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एका विटेवर आजोबांच्या वेळच्या कोणा कामगाराच्या बोटांचे ठसे उमटलेले आहेत. वाडा उभा होता तेव्हा ते गिलाव्याखाली दडलेले होते. आता येता-जाता साऱ्यांस दिसतात.