नदीसाठी रोजंदारी

श्रमदान हा शब्द आपल्या महाविद्यालयात फार आदराने उच्चारला जातो, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हापासून किती विद्यार्थ्यांनी घमेली-फावडी हाती घेतली असतील याची गणती नाही. दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि त्याबद्दल काही मागायचे नाही, असा तिचा रिवाज. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत, ही कल्पना सुंदर आहे. पण श्रम हाच ज्याच्या घरातला पैसा, त्याने काय द्यावे? हा प्रश्न मला उल्हास नदीमुळे पडला.

मी मोहन्याचा. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर मागे टाकून आमच्याकडे येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. ऐन उन्हाळ्यातही तिला पाणी असते, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले घाटमाथ्यावरचे पाणी तिच्यात उतरते. मोहन्याच्या बंधाऱ्यामागे साठलेले पाणी महानगरपालिका उचलते, शुद्ध करते आणि नळाने कल्याण-डोंबिवलीला देते. म्हणजे हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांपैकी पुष्कळांच्या माठात हीच नदी असते.

याच नदीत वरच्या वस्त्यांचे नाले येतात. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद म्हणजे जलपर्णीला आयते खत. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती उन्हाळ्यात पात्र झाकून टाकते. लांबून पाहणाऱ्याला हिरवा गालिचा दिसतो. खाली मात्र पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. आमच्याकडची वडीलधारी माणसे अजूनही सगळ्याचा संबंध ‘कंपनी’शी जोडतात. कंपनी म्हणजे नॅशनल रेयॉन. ती २००९ मध्ये बंद पडली, पण नदी काही निर्मळ झाली नाही.

मग स्वच्छता मोहिमा निघतात. फलक लागतो, टोप्या वाटल्या जातात, ट्रकभर जलपर्णी निघते. या मोहिमांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु अनुकूल हवेत ही वनस्पती दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्यापुढे आपला एक रविवार कितीसा पुरणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. इथे आडातच घाण येते आहे, आणि आपण पोहरा घासत बसलो आहोत.

खरे काम वेगळे आहे आणि ते कंटाळवाणे आहे. कोणत्या नाल्यातून, कोणत्या वेळी, काय येते याची रोज नोंद करायची. पाण्याचा रंग, वास, तापमान, आम्लता आणि विरघळलेला प्राणवायू ठरावीक जागी ठरावीक वेळी मोजायचा. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. ही मोजणी शिकायला विज्ञानशाखाच हवी असे नाही. आणि नाल्यांचा नकाशा काढणे, काठच्या लोकांना विचारून जुनी माहिती लिहून घेणे, ही तर आपल्या भूगोलाच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांचीच कामे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायने ओतली गेली आणि विषारी वायूने शेकडो माणसे आजारी पडली. दुर्घटना झाली की सगळे नाल्याकडे धावतात. एरवी तिकडे रोज कोण पाहतो?

पण नदीची दैना सर्वांत जास्त असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच आमच्यासारखी मुले मोकळी नसतात. कोणी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी असतो, कोणी मंडपवाल्याकडे, कोणी कल्याणच्या कापडदुकानात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमची जूनची फी मे महिन्यात उभी राहते. नदीच्या कामाचे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “काम चांगलंच आहे रे, पण दीड महिना तू तिकडे गेलास तर फीचं कसं?” तिच्या प्रश्नाला श्रमदानाच्या तत्त्वज्ञानात उत्तर नाही. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय कामाला श्रेयांक मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण श्रेयांक फीच्या खिडकीवर चालत नाहीत.

या प्रश्नाचे एक उत्तर वाचनात आले ते अमेरिकेतले. तिथल्या ॲपालाचिया डोंगरांत कोळशाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी आहेत. खडकातल्या गंधकयुक्त लोहखनिजाला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते. ओढे नारिंगी होतात आणि त्यांतले जीव मरतात. १९७७ च्या कायद्याने खाणवाल्यांवर टनामागे आकार बसवला. उघड्या खाणीच्या कोळशावर तो सुरुवातीला ३५ सेंट होता. त्यातून जुन्या खाणींच्या दुरुस्तीचा निधी उभा राहिला. पुढे तिथल्या सरकारी खाणखात्याने ओढे-सफाईच्या कार्यक्रमात, उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांना मानधन देऊन स्थानिक गटांच्या हाताखाली काम देण्याची सोय केली. पाण्याचे नमुने घेणे, नोंदी ठेवणे, गावकऱ्यांना समजावणे, अशी ही कामे.

आपल्याकडेही २०१५ मध्ये खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणवाल्यांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम घ्यायची आणि पिण्याचे पाणी, प्रदूषणनियंत्रण, आरोग्य, शिक्षण यांवर खाणबाधित भागात खर्च करायची. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात तिथल्या विद्यार्थ्यांना या निधीतून उन्हाळी काम देता येणार नाही का? मोहन्याला खाण नाही. पण घाण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे, आणि ते खाणीपुरते नाही. नदी बिघडवणाऱ्यांकडून दंड वसूल होईल, त्यातला थोडासा वाटा नदी मोजणाऱ्या हातांना का मिळू नये?

हिशेब फार मोठा नाही. २० विद्यार्थी, ४० दिवस, रोज ४०० रुपये धरले तर ३ लाख २० हजार होतात. हातमोजे, बूट, मोजणीचे साहित्य आणि विमा वेगळा. नाल्यात उतरायचे नाही, काठावरून नमुना घ्यायचा, हा नियम आधी.

काही प्राध्यापक म्हणतील, पैसे आले की सेवाभाव गेला. त्यांचा मान राखून मला एवढेच म्हणायचे आहे की कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबांच्या मुलांना शिकवले ते ‘कमवा व शिका’ या मार्गाने. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. उलट घामाच्या पैशावर शिकल्याचा अभिमान वाटला. बिनपैशाचे काम सर्वांना खुले दिसते, पण त्यात टिकतो तो ज्याची सुटी मोकळी आहे तोच. नाल्याकाठी राहणारा मुलगा मात्र त्याच वेळी दुसऱ्या गावी पंक्तीला पाणी वाढत असतो.

आपल्या महाविद्यालयाने महानगरपालिकेकडे असा प्रस्ताव द्यावा, ही माझी प्राचार्यांना नम्र विनंती आहे. वीस नाही तर पाच मुलांपासून सुरुवात व्हावी. पुढील वर्षीच्या या अंकात त्यांची नोंदवही छापली जावी: तारीख, वेळ, नाला, आकडा. तिच्यात एकही अलंकार नसला तरी ती आपण सर्वजण वाचू, कारण पाणी आपणही तेच पितो.