गुत्ता

माणसांप्रमाणे शब्दांचीही गाव बदलले की पत बदलते. आमच्या जालन्याकडे रस्ता, पूल किंवा शाळेची इमारत बांधून देण्याचे काम जो पत्करतो त्याला आम्ही गुत्तेदार म्हणतो, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. परंतु पुण्याकडची एक सुविद्य मुलगी आमच्या नात्यातील एका घरी सून म्हणून आली, तेव्हा 'तुमचे थोरले भाऊजी गुत्तेदार आहेत' हे सासूबाईंचे अभिमानाचे वाक्य ऐकून तिचा चेहरा साफ उतरला. तिला गुत्ता एकच ठाऊक होता, आणि तो दारूचा! थोरल्या जावेने खुलासा केला तेव्हा घरभर हशा पिकला. मला मात्र त्या हशातच असे वाटून गेले की मुलगी म्हणते ते काही अगदीच खोटे नाही.

गुत्ता म्हणजे मुळात मक्ता; ठरीव रक्कम सरकारात भरून घेतलेला हक्क. दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी. जो अधिक बोली बोलेल तो गुत्तेदार, आणि त्याचे दुकान तो गुत्ता. पिण्याच्या जागेला मराठीत हे जे नाव पडले ते पेयावरून पडले नाही आणि पिणाऱ्यावरूनही नाही. सरकारशी झालेल्या करारावरून पडले. एका शब्दात साऱ्या खात्याचा इतिहास साठवलेला असावा, असे भाग्य थोड्याच शब्दांच्या वाट्याला येते.

त्या खात्याचे नाव आबकारी. फारसीत आब म्हणजे पाणी. तेव्हा आबकारी म्हणजे पाण्याचे काम. ज्या मुलखात उन्हाळा लागला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते, तेथे सरकारने हेच एक पाण्याचे काम कधी आटू दिले नाही! जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. निजामाच्या राज्यात हा कारभार हैदराबाद आबकारी कायद्याने चाले. तो १३१६ फसलीचा, म्हणजे सुमारे १९०७ सालचा. शिंदीचे झाड कोणाच्याही बांधावर उभे असो, परवान्यावाचून त्याला चीर पाडणे हा गुन्हा होता. झाडागणिक कर बसे, दुकानांचे लिलाव होत, आणि त्या उत्पन्नाचा राज्याच्या तिजोरीला मोठाच आधार असे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे पूर्वज इंग्रजी अमलात नांदले त्यांनी यावरून निजामाला नावे ठेवण्याची घाई करू नये. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याच्या आधारे गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू गाळण्याचे काम थोड्या मोठ्या कारखान्यांकडे गेले; त्यामुळे कर वसूल करणे सोपे झाले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरसुद्धा निर्बंध आला. रानातल्या माणसाने आपल्या झाडाची फुले वेचावी आणि त्याबद्दल शिपायाने त्याला जाब विचारावा, हे त्या काळचे सुधारलेले राज्य! पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक त्याच पुण्यात दुकानांसमोर उभे राहिले. सरकारला त्यात मद्यपानाचा विरोध दिसला नाही. राजद्रोहाचा वास आला. ज्या व्यसनाचे उत्पन्न तिजोरीत जाते त्याचा निषेध करणारा मनुष्य कोणत्याही सरकारला थोडासा राजद्रोहीच वाटतो.

ही गोष्ट आमच्या लोकांनी फार नेमकी ओळखली होती. १९४७ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढा पुकारला, तेव्हा त्या लढ्याचा एक कार्यक्रम शिंदीची झाडे तोडण्याचा होता. त्या कुऱ्हाडी चालवणारे सगळेच निर्व्यसनी होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांचा घाव झाडावर पडत असला तरी रोख तिजोरीवर होता. रझाकारांच्या धाकात जगणाऱ्या शेतकऱ्याला राज्याचे मूळ कोठे आहे हे कोणी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकवले नव्हते. ते त्याच्या शिवारातच उभे होते.

पुढे राज्य आपले झाले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी पुकारणारे काँग्रेस मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून त्या राज्यात पूर्ण दारूबंदी आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही मादक पेयांची बंदी हे सरकारचे उद्दिष्ट म्हणून सांगितले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९५९ मध्ये तो कायदा आमच्याकडे आला. काल ज्यासाठी सरकार लिलाव पुकारत होते, आज त्याच्यासाठी सरकार हातकड्या घालू लागले. मात्र ज्यांच्या प्रकृतीला मद्यावाचून चैन पडत नाही असा वैद्यकीय दाखला मिळे, त्यांना परवाना होता. असा दाखला उसाच्या फडातल्या मजुराला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ही कडक बंदी फार काळ टिकली नाही. साठीच्या दशकात ती सैल झाली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन दुकाने राजरोस उघडली. मी अक्षरे जुळवून पाट्या वाचू लागलो तो हा काळ. आमच्या शाळेच्या फलकावर 'सरकारमान्य' हा शब्द होता, आणि शाळेच्या वाटेवरील देशी दारूच्या दुकानावरही तोच होता. दोन्ही ठिकाणी तो सारख्याच ठळक अक्षरांत रंगवलेला असल्याने, बालबुद्धीला त्यांतला फरक वेळेवरून तेवढा कळे. शाळा पाचला सुटे. गंमत पुढेच आहे. या दुकानांना परवाना मिळतो तो आजही १९४९ च्या त्याच कायद्याखाली, आणि त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे! बंदीच्या नावाने विक्री चालावी, हा चमत्कार आपल्या कायदेपंडितांनाच साधला.

म्हणून सरसकट बंदी करा, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. बंदीने भट्टी विझत नाही, काळोखात जाते, हा अनुभव जुना आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, आणि तीही दुकाने उघडी असताना. गरिबाला दुकानातलीही परवडत नाही. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. येथे बंदी, तेथे परवाना. कोठे काय असावे हे प्रत्येक वेळी सरकार ठरवी, आणि ठरवताना एक डोळा जनहितावर व दुसरा जमाखर्चावर ठेवी. ज्या घरातला पैसा गुत्त्यावर जातो त्या घरच्या बाईला मात्र कोणी काही विचारीत नसे.

तिला विचारण्याची एक वाट अखेर निघाली. गावातील एकचतुर्थांश मतदार स्त्रियांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावे, अशी तजवीज २००८ च्या सरकारी आदेशाने झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रे: एक बाटली उभी, एक आडवी. जिला अक्षरओळख नाही तिलाही आपले मत कळावे, इतकी ही योजना सरळ आहे. शंभर वर्षांच्या आबकारी कारभारात मला मनापासून आदर वाटावा अशी एवढी एकच गोष्ट सापडली.

परंतु त्यातही एक मेख होती. आडव्या बाटलीला नुसते मताधिक्य पुरत नसे. यादीत जितक्या स्त्रियांची नावे, त्यांच्या निम्म्याहून अधिक मते लागत. म्हणजे जी आली नाही तिचे मत न देताच उभ्या बाटलीच्या पदरात पडे. आणि आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली कितीतरी घरे दिवाळी सरली की कुलूप लावून, कोयता घेऊन, ऊसतोडीला परमुलखी जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. अशा दिवसांत गावात मतदान आले, तर ती बाई कोठल्याशा कारखान्याच्या फडात मोळी बांधीत असते. तिने तोडलेल्या उसाची साखर होते, साखरेमागे मळी उरते, आणि मळीपासून गाळलेली देशी दारू तिच्याच गावातल्या सरकारमान्य दुकानात येऊन उभी राहते. यादीत तिचे नाव असते. बाटली उभी ठेवण्याच्या कामी ते बिनचूक मोजले जाते.