दहा वजा चार, उत्तर उणे सहा

तीन क्रमांकाच्या रजिस्टरात दहा, सर्वांत वरच्यात चार. खालच्यातून वरचं वजा करा म्हटलं, तर लिनक्सवर उणे सहा हाती येतात. असेंब्लर हूं की चूं करत नाही.

इंटेलचा ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर १९८० साली आला. त्याची आठ रजिस्टरं चळतीसारखी असतात: सर्वांत वर एसटी, खाली एसटी(१) ते एसटी(७). लिनक्सवर असेंब्ली सहसा एटी अँड टी पद्धतीनं लिहितात; तीत आधी स्रोत लिहायचा, मग उत्तर ठेवायची जागा. त्यामुळे ‘एफसब एसटी, एसटी(३)’ या ओळीनं एसटी(३)मधून एसटी वजा व्हायला हवं. ग्नू असेंब्लर मात्र तिचे डीसी ई३ असे दोन बाइट करतो, आणि इंटेलच्या तक्त्यात ती उलटी वजाबाकी, म्हणजे ‘एफसबआर’ आहे. भागाकाराचीही हीच गत.

खोड जुनी आहे. युनिक्सच्या जुन्या असेंब्लरांनी ही अदलाबदल केली, जीसीसी या कंपायलरनंही तीच वाट धरली. आज ती सुधारली तर नीट चालणारे प्रोग्रॅम बिघडतील. म्हणून ग्नू असेंब्लरच्या मॅन्युअलमध्ये ती चूक म्हणून नोंदवलेली आहे आणि तशीच ठेवलेली आहे.

संशय आला म्हणून बाइटांच्या पुन्हा ओळी करून दाखवणारा ऑब्जडंप लावावा, तर तोही डीसी ई३ला ‘एफसब’च म्हणतो. लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरचे. साक्ष कोणाची काढणार? इंटेल पद्धतीनं दाखव म्हटलं की तेच बाइट ‘एफसबआर’ होतात. तेव्हा नावावर जायचं नाही, बाइट पाहायचे.

यातून वाटा निघतात. मुद्दाम ‘एफसबआर’ लिहिलं तर काम होतं, पण पुढं कोणी तरी ते भल्या मनानं दुरुस्त करतं. इंटेलची नावं घे, असा निर्देशही देता येतो. मात्र त्यानं फाइलमधल्या खालच्या, जुन्या सवयीनं लिहिलेल्या ओळीही उलटतात. मी बाइटच हातानं लिहितो: डीसी, आणि ई८मध्ये रजिस्टरचा क्रमांक मिळवून ईबी. दिसायला ओबडधोबड, पण म्हणूनच वाचणारा थबकतो आणि शेजारची टीप वाचतो. हे सगळं एका मॅक्रोत राहतं, इतरत्र पसरत नाही.

मॅक्रोखाली एक चाचणी असते: दहा वजा चार. तिथलं अपेक्षित उत्तर मी प्रोग्रॅम चालवून उतरवून घेत नाही. कागदावर सहा येतात, तेच लिहितो. तपासणारा आकडा त्याच हत्यारातून आला, तर चूकही पास होते.