चाकावरचा हात

अमेरिकेतील नॅशव्हिल गावी एका छायाचित्रालयाच्या छपरावर छायाचित्रे मोठी करण्याचे अवजड यंत्र होते. ते दिवसभर सूर्याकडे वळते ठेवावे लागे. आधीची मुले या कामावर डुलक्या घेत, असे सांगतात. १८६६ साली जेमतेम आठ-नऊ वर्षांचा, जन्मापूर्वीच पित्यास मुकलेला एडवर्ड बर्नार्ड तेथे चाके फिरवू लागला. त्याच्या मिळकतीचा घरास आधार होता.

१८८९ साली लिक वेधशाळेत तेच बर्नार्ड आकाशगंगेची छायाचित्रे घेऊ लागले. दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर बसवितात. घड्याळयंत्र तिला त्याभोवती तासाला १५ अंश फिरविते. परंतु यंत्र किंचित जरी चुकले, तरी ताऱ्याची रेघ होते! म्हणून जोडदुर्बिणीत एक तारा धरून बर्नार्ड तासन्‌तास हाताने चूक सावरीत. त्या काचांवर आकाशगंगेतील तारकांचे दाट मेघ स्पष्ट उमटले.