माळवदाच्या रिपा

डिसेंबरातल्या एका पहाटे आई उशाशी वाटी ठेवून झोपलेली दिसली. "वरून गळायलंय," म्हणाली. पावसाचा मागमूस नव्हता, आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं. पत्र्याला घाम सुटला होता.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमची किल्लारी भूकंपानं हलली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पुढं नव्या किल्लारीत घर मिळालं. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं होती; आम्हाला ४५०चं आलं. पण आई स्लॅबखाली झोपायला कधी गेलीच नाही. तिच्यासाठी अंगणात चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि पन्हळी पत्र्यांची खोली उभी केली. "पडला तर पत्राच पडंल," हा तिचा हिशेब. त्यावर माझ्याकडं आजही उत्तर नाही.

ती खोली मे महिन्यात भट्टी व्हायची. म्हणून एका ठेकेदाराला आतून अस्तर करायला सांगितलं. त्यानं पाइपांना जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची चॅनल स्क्रूनं आवळली, मध्ये थर्माकोल खुपसला, खालून प्लास्टिकची पॅनेल ठोकली. दोन दिवसांत काम संपलं, दिसायलाही झकास. उन्हाळा जरा सुसह्य झाला. हिवाळ्यात मात्र छतावर काळसर पट्टे उमटले, दोन-दोन फुटांवर, सरळ रेषेत. उताणं झोपून बघितलं की एखाद्या मोठ्या जनावराच्या बरगड्या मोजाव्यात तसं वाटायचं. पट्टे बरोबर चॅनलखाली होते. थेंबही तिथूनच.

माझा मामेभाऊ अण्णा मुंबईला गोदीत सुतारकाम करून निवृत्त झालेला. पोलादी बोटींना आतून लाकडी अस्तर करण्यात त्याचं आयुष्य गेलं. दिवाळीनंतर आला, खोलीत गेला, वर बघितलं आणि हसला. "अरे, ही तर बोट बांधलीस तू. फक्त समुद्र विसरलास."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो जमिनीवर बसला आणि खडूनं फरशीवर बोटीचा आडवा छेद काढला. बाहेर पोलादाची कातडी, तिला आतून पोलादाच्या बरगड्या. समुद्र कातडी थंड करतो. आत माणसं झोपतात, चहा उकळतात, ओले कपडे वाळत घालतात. ती वाफ थंड लोखंडाला लागली की पाणी होते, ओघळून तळाशी साचते, आणि बोट आतून गंजू लागते. "बोटीला समुद्र, तुला आभाळ," अण्णा म्हणाला. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडं सोडून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. शेतातल्या ज्वारीच्या पानावर दव पडतं, त्याच कारणानं आईच्या पांघरुणावर पडत होतं.

थर्माकोल त्याला मान्य होता. भांडण होतं ते रिपांशी. अस्तर ज्यावर ठोकायचं ती रीपच लोखंडी असेल, तर बाहेरच्या थंडीला आत यायला सडक बांधून दिल्यासारखं झालं. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी जास्त वाहते. मी ॲल्युमिनियमचं नाव काढलं. गंजत नाही, हलकं असतं. त्यानं कपाळाला हात लावला. ते तर लोखंडाच्याही तिप्पट-चौपट वाहून नेतं!

मग आम्ही लातूरला वखारी पालथ्या घातल्या. पॅकिंगच्या खोक्यांतलं पाइन हलकं आणि स्वस्त, पण आमच्याकडच्या वाळवीपुढं ते किती दिवस टिकणार. बाभळीला बळ आहे, पण ती वाळताना पीळ खाते आणि घुणाला आवडते. प्लायवूडच्या कापलेल्या पट्ट्यांची कड ओल लागली की फुगते, शिवाय कडेला स्क्रू मारला की थर सुटतात. प्लास्टिक-लाकडाच्या मिश्रणाच्या रिपा अण्णानं हातात घेऊन वाकवून बघितल्या आणि परत ठेवल्या. मे महिन्यात पत्र्यालगत त्या लोंबणार. "बोटीत सागवान," तो म्हणाला. त्यात नैसर्गिक तेल असतं, कूज लवकर लागत नाही, आकार सोडत नाही. भाव ऐकून मी गप्प.

घरी आल्यावर अण्णा गोठ्यामागं गेला. तिथं भूकंपात पडलेल्या आमच्या वाड्यातून काढून आणलेलं लाकूड तीसेक वर्षं रचून होतं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, तुळया, किलच्या, दोन खांब. कोयत्यानं एक कड तासली आणि वास घेतला. सागवान.

आईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. भूकंपाच्या पहाटे आमच्या घरातली दोन माणसं त्याखाली गेली. ते लाकूड तिच्या डोक्यावर बसवायचं?

तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "लाकडानं न्हाई मारलं. दगडानं मारलं. आपला खांब तर उभाच होता की." ते खरं होतं. बऱ्याच घरांत भिंती फुटून कोसळल्या आणि आतला लाकडी सांगाडा उभा राहिला, हे नंतर अभियंत्यांनीही नोंदवलं. थोड्या वेळानं तिनं अट घातली: "खाटंवर नको पण."

कटाई मिलवाला आधी लाकूड घेईना. जुन्या लाकडातल्या खिळ्यांनी पातं तुटतं. दोन रात्री आम्ही पकडीनं खिळे उपसले. पहिल्या तुळईतून करवत गेली तेव्हा भेगेतून मूठभर पांढरी माती खाली सांडली. मिलच्या पोरानं ती फुंकर मारून उडवली. मी काही बोललो नाही.

दोन इंच जाडीच्या रिपा निघाल्या, म्हणजे थर्माकोलच्या जाडीइतक्याच. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवल्या. पाइपांना रेड ऑक्साइड मारला. पाइप आणि रीप यांच्यामध्ये अण्णानं पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे लाकूड लोखंडाला थेट टेकणार नाही. बोटीत थर्माकोलसारखा थर पोलादाला घट्ट चिकटवतात, हवेला शिरायला फट ठेवत नाहीत. आमचा पत्रा पन्हळी, तिथं ते शक्य नव्हतं. म्हणून वळचणीकडून पन्हळी उघड्या ठेवल्या आणि खोलीच्या बाजूनं सलग प्लास्टिक कागद ताणून सांधे टेपनं बंद केले. वाफ वर जाऊच द्यायची नाही. त्याखाली प्लायवूड, पण त्याचे स्क्रू फक्त रिपेत. पाइपापर्यंत एकही पोचू द्यायचा नाही. रिपा पाइपाला धरणाऱ्या स्क्रूंची डोकी खोल बुडवून वर लाकडी बुचं मारली. खाटेच्या वरच्या चार फुटांत आईच्या अटीप्रमाणं वखारीतल्या पाइनच्या रिपा घातल्या, बोरॅक्स पाजून.

या डिसेंबरात छत कोरडं राहिलं. पट्टे नाहीत. अण्णाला फोन करून सांगितलं, तर त्यानं पुन्हा एकदा सगळे सांधे तपासायला लावले.

दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र शेवटच्या दिवशी, अण्णा जेवायला गेलेला असताना, एक प्लाय हलत होता म्हणून मी लांब स्क्रू घेऊन थेट पाइपात आवळून टाकला होता. थंडी कडक पडली की त्या एका स्क्रूच्या डोक्यावर थेंब जमतो. आईनं त्याखाली वाटी ठेवली आहे.