राईचें शेत

आमचा पुतण्या गेलीं बारा वर्षें आयर्लंडांत कॉर्क शहरीं नोकरीनिमित्त राहत आहे. त्याची पत्नी त्याच देशची. आपल्या पूर्वजांचें शेत कोणतें, हें ती कागदावर बोट ठेवून दाखविते. तिकडे १८४७ ते १८६४ या काळांत ग्रिफिथ नांवाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं सर्व जमिनींची आकारणी झाली; वहिवाटदार कोण, त्याचा जमीनदार कोण, क्षेत्र किती, हें सर्व तींत छापलेलें आहे. १९२२ सालच्या यादवींत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, त्यामुळें परदेशीं गेलेल्या आयरिश घराण्यांचे वंशज आज या याद्यांच्याच आधारें आपलें मूळ गांव शोधतात. एके दिवशीं सूनबाईनें सहज विचारलें, "मग तुमचें शेत कोठें आहे?" पुतण्यास उत्तर देतां येईना. प्रश्न आमच्याकडे आला.

आमच्या घरीं याचें एकच उत्तर तीन पिढ्या चालत आलें होतें: "भाईंदरजवळ राईला आपलें शेत होतें, तें कुळानें गिळलें." आम्हींही तें लहानपणीं ऐकलें व मोठेपणीं मुलांस ऐकविलें. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या; घरचें हें उत्तर तपासावयाचें मात्र राहून गेलें होतें.

प्रथम कागद पाहिले. सातबाराचा उतारा आतां परदेशांतूनही संगणकावर मिळतो. परंतु गांव, तालुका व सर्व्हे किंवा गट नंबर हातीं असावा लागतो. आजोबांची शेतसाऱ्याची एक जीर्ण पावती निघाली, तीवर नंबर होता. जमीन आज कोणाच्या नांवें आहे हें सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली, हें फेरफाराच्या नोंदींवरून कळतें. उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. तेच धरून आम्हीं तहसील कचेरींतून जुन्या नोंदींच्या नकला मिळविल्या.

त्या वाचतांना आम्ही वरमलों. मालक म्हणून आजोबांचें नांव होतें खरें. पण कूळ म्हणून राईच्याच एका आगरी घराण्याचें नांव वर्षानुवर्षें लागलेलें होतें. १९४८ च्या कुळकायद्यांतील पुढील दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. मात्र जमीन फुकट मिळाली नाहीं. आकाराच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेंत किंमत ठरे, व ती मालकास द्यावी लागे. सर्व हप्ते फेडल्याचा दाखला कुळास मिळाल्याची नोंद तेथें होती. ही गोष्ट आमच्या घरीं कोणीं कधीं सांगितली नव्हती.

मार्गशीर्षांत एका सकाळीं आम्ही उभयतां भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेस उतरून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्यें बसलों. स्टेशनाभोंवतीं इमारतींची दाटी इतकी, कीं १९८५ पर्यंत येथें नगरपालिकाही नव्हती, हें खरें वाटूं नये. पुढें देखावा पालटतो. मुर्धे, राई, मोर्वे हीं जुनीं गांवें ओळीनें लागतात. मिठागरें, तिवरांचीं बनें व मधून मधून भाताचीं खाचरें दिसतात. हाच रस्ता पुढें उत्तनच्या ख्रिस्ती कोळी वस्तीकडे जातो. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतलेला धारावीचा किल्ला त्याच बाजूस आहे.

राईस विचारीत विचारीत तें घर गांठलें. आम्ही कोण, हें कळतांच तरुण मंडळींच्या मुद्रेवर शंका उमटली. जमिनीचे भाव वाढल्यापासून जुन्या मालकाचा वारस दारीं आलेला कोणास रुचेल? "आम्ही मागावयास नव्हे, पाहावयास आलों," असें सांगितलें, तेव्हां आंतून ऐंशी उलटलेल्या आजीबाई बाहेर आल्या. कायदा आला त्याच सुमारास त्या सून म्हणून या घरीं आल्या होत्या.

"तुमचे आजोबा सुगीला यायचे, या ओट्यावर बसायचे. भला माणूस. पण आवणीला कधीं आले नाहींत," त्या म्हणाल्या. हप्ते फेडण्यासाठीं घरच्या बायकांनीं मिठागरांत पाट्या वाहिल्या, हेंही त्यांनीं सांगितलें. सुरांत तक्रार नव्हती. ज्यानें खुंट काढून जमीन साफ केली त्याचें शेत, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत म्हटलें आहे. तें वचन आम्हांस पाठ होतें. अर्थ त्या ओट्यावर कळला.

शेताचा निम्मा भाग आतां घरांनीं व्यापला आहे. उरलेल्यांत कापलेल्या भाताचीं धसकटें उभीं होतीं. बांधावरून नमस्कार करून आम्ही परतलों.

सर्व हकीकत पुतण्यास कळविली. सूनबाईचें उत्तर आलें. तिचे पूर्वज जमीनदाराचें कूळच होते. १९०३ च्या कायद्यानें सरकारनें कर्ज देऊन तिकडील कुळांस जमिनी विकत घेतां येतील असें केलें. फेडीची मुदत साडेअडुसष्ट वर्षें! तिच्या पणजोबांनीं त्याच कायद्यानें शेत घेतलें. "काका, आम्ही आलों म्हणजे त्या आजींची भेट घडवा. आमच्याकडचे हप्ते कसे फिटले, तें त्यांना सांगावयाचें आहे," असें तिनें लिहिलें आहे.

वाचकांनीं आपापल्या घरच्या शेताचा शोध अवश्य घ्यावा, व जाणतीं माणसें आहेत तोंवरच घ्यावा. आमच्या घरांतील तें जुनें वाक्य आम्हीं आतां बदललें आहे. नातवंडांस सांगतों, "राईला एक शेत आहे. तें आपल्या नांवें होतें. कसलें मात्र त्यांनीं, आणि त्याची किंमतही चुकती केली."