आधी शेवटचं बटण

शर्टाचं सगळ्यात खालचं बटण मी काजात अर्धं सरकवून ठेवायचे. पुढचं माझ्या मुलानं ओढायचं. बाकीची बटणं माझी. ते जमलं की त्याच्या वरचं. कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि शेवटच्या तुकड्यापासून शिकवायचं, ही रीत विशेष शाळेतल्या ताईंची. काम पुरं केल्याची ऐट पहिल्या दिवसापासून मुलाच्या वाट्याला येते. पाचही बटणं लावायला त्याला वर्ष लागलं.

त्याआधीची वर्षं ‘याचा बापही उशिराच बोलला’ यावर गेली. मग एका बालवाडीनं ‘दुसरीकडे बघा’ म्हटलं. नाशकात बघायला दुसरीकडे काहीतरी होतं, कारण रजनीताई लिमयांनी 1977 सालीच इथं प्रबोधिनी विद्यामंदिर ही विशेष शाळा सुरू केली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा गौतम असाच होता. ही शाळा अशा मुलांच्या शिक्षणाचा हक्क वगैरे कायद्याच्या भाषेत यायच्या कितीतरी आधीची.

आता 2016चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय आणि ते 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. प्रमाणपत्राच्या रांगेत बसले होते तेव्हा आकडा वाढावा असं वाटावं की कमी व्हावा, हेच मला कळेना. कमी भरला तर सवलती जाणार. जास्त भरला तर तो कागदावर कायमचा. शेजारच्या घरात दहावीच्या टक्क्यांचे पेढे वाटत होते.

हिशेब त्याला येत नाही, पण बुधवारी गोदावरीकाठच्या, म्हणजे आमच्या गंगेवरच्या, बाजारात मेथीची जुडी तोच आणतो. आधी तो सगळे पैसे पुढे करून ‘मावशी, घ्या यातले’ म्हणायचा. भाजीवालीनंच त्याला शिस्त लावली: एक नोट द्यायची, हात पुढे ठेवून थांबायचं, सुटे हातात पडल्याशिवाय हलायचं नाही. शाळेत हा धडा नव्हता. ‘देवाचं लेकरू’ म्हणत गाल ओढणाऱ्या बायकांपेक्षा ही बाई मला जवळची वाटते. ती त्याच्यावर खेकसतेसुद्धा.

पुढच्या वर्षी तो अठरा पुरी करेल. मग कायद्यानं आम्ही आपोआप पालक राहत नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. आमच्या पश्चात कोण, यावर घरात एकमत नाही. धाकटी म्हणते, माझं नाव घाला. ती नववीत आहे. तिला सध्या आम्ही गप्प बसवलंय.